बोर, बदाम आणि खारीक

मनोहरराव वैरागडे वजनमापे खात्यात निरीक्षक होते, आणि ही गोष्ट स्वतः मनोहरराव एखादे वेळी विसरले तरी इतवारीतले दुकानदार विसरत नसत. ते नुसत्या शेवया घ्यायला बाजारात शिरले तरी पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत तराजूंच्या दांड्या आपोआप सरळ होत. सरकारने शेर आणि छटाक बंद करून पाच-सहा वर्षं झाली होती. लोकांच्या तोंडून ते अजून गेले नव्हते, पण मनोहररावांच्या घरातून गेले होते. गोपिकाबाई चुकून "पावशेर साखर" म्हणाल्या की मनोहरराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता "दोनशे तेहतीस ग्रॅम" म्हणत. बाई त्यावर काही बोलत नसत. संसारात कुठे बोलायचं नाही, याचं त्यांचं माप नवऱ्याच्या मापापेक्षा पक्कं होतं.

असा माणूस पन्नाशीला आल्यावर, मे महिन्यात, डोक्याला ओला पंचा बांधून माशांच्या मागे लागला, याला कारण व्याही.

व्याही म्हणजे शालिकरामजी हटवार, भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचे. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि मुलाकडचा इवाई असला की त्याच्यासमोर मुलीच्या बापाची पाठ अशी काही वाकते की नंतर महिनाभर तेल चोळूनही सरळ होत नाही. इंदूच्या लग्नात मनोहररावांनी सगळे मान दिले. शालिकरामजींच्या मामेभावाच्या जावयाला टोपी लहान झाली म्हणून दुसरी आणवली, ती मोठी झाली म्हणून तिसरी आणवली, आणि तिन्ही टोप्या तो घेऊन गेला तेव्हाही हसून निरोप दिला. शेवटच्या दिवशी व्याहीभोजनाला मरळ माशाचा रस्सा केला होता. शालिकरामजींनी वाटी नाकाजवळ नेली आणि हळूच खाली ठेवली.

"बाजारची दिसते," ते म्हणाले. "बर्फातली. आमच्या तिकडं तलावच तलाव हायेत न जी, म्हणून आमाले सवय नाही. आमच्या घरी पाहुणा आला का मी आपल्या हातानं मरळ धरतो अन् वाढतो. शहरातल्या माणसाले ते कुठून जमंन म्हणा."

पंगत थांबली. मनोहरराव गेले चार दिवस वाकलेले होते. त्यांच्या पाठीत कुठेतरी कट्कन वाजलं.

"पुढच्या खेपेला याल तेव्हा," ते म्हणाले, "मी माझ्या हातानं धरलेली मरळ वाढीन."

तोपर्यंत मनोहररावांनी हातात मरळ धरली होती ती पिशवीत घालून.

एवढ्यावर ते मिटलं असतं. पण उन्हाळा लागला, आणि लग्नानंतरचा पहिला उन्हाळा लेकीनं माहेरी काढायचा अशी आपली रीत. शालिकरामजींचं पोस्टकार्ड आलं. 'इंदूला घेऊन आम्ही उभयता येत आहोत. मरळ धरताना प्रत्यक्ष पाहू. मरळ वाढलीत तर मुलगी महिनाभर ठेवून जाऊ. न वाढलीत तर जेवून संध्याकाळच्या मोटारीने तिला घेऊन परत. हे अर्थात गमतीने.'

मुलाकडच्यांची गंमत मुलीकडच्यांनी गंभीरपणे घ्यायची असते. गोपिकाबाईंनी पत्र वाचलं आणि पदराला हात पुसले.

"तुमाले बोलाले कोणी सांगतलं होतं?"

"अपमान केला त्यानं माझा. भर पंगतीत."

"रश्श्याचा केला. तुमचा नाही. रस्सा म्या केला होता, मले काही वाटलं नाही. तुमाले काहून वाटलं?" मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "मले ते मरळ-बिरळ काही समजत नाही. माही पोट्टी महिनाभर घरी राहिली पाहिजे. दगड धरा का मासा धरा, ते तुमचं तुमी पाहा."

यातला दगडाचा उल्लेख पुढे खरा ठरणार होता, पण ते तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

मनोहरराव कोणतंही काम पुस्तकावाचून करत नसत. सीताबर्डीच्या फुटपाथवर रद्दीत त्यांना एक जुनं अमेरिकन मासिक सापडलं. त्यात एक लेख नेमका खडकाळ तळाच्या पाण्यात बास नावाचा मासा कसा धरावा यावर होता. बास हा काय प्रकार आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण रामटेकजवळच्या खिंडसी तलावाचा तळ खडकाळ आहे हे ठाऊक होतं. तळ जुळला म्हणजे लेख निम्मा तरी लागू झाला, असा त्यांनी हिशेब केला.

लेखाचं सार असं, की साधा गळ खडकात अडकतो. पण गळाच्या मानेवर शिसं ओतून त्याला मुंडी केली, की मुंडी तळाला टेकते, गळाचं टोक वर राहतं, आणि दोरी हलकेच उचलत गेलं की तो गळ दगडादगडावरून टुणटुण उड्या मारत येतो. माशाला वाटतं, काहीतरी खाण्याजोगं चाललं आहे. मात्र सगळी मदार मुंडीवर. गोल मुंडी कुठे चालते, चपटी कुठे, आडवी कुठे, यावर लेखकाने पानंच्या पानं खर्ची घातली होती. हा गंभीरपणा मनोहररावांना फार आवडला. आपल्याकडे माणसाच्या मुंडीचाही कोणी एवढा विचार करत नाही.

शेजारी रेल्वेच्या हिशेब खात्यातले घोषबाबू राहत. रामदासपेठेतल्या त्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत माशाविषयी शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र पाहिलं.

"बास? अरे मनोहरबाबू, ये तो अपना भेटकी का भाई है! भेटकी कलकत्ता में मिलेगा. एक काम कोरो, छुट्टी लो, कलकत्ता चलो."

"मला मरळ पाहिजे. खिंडसीत."

"मोरळ!" घोषबाबूंचा चेहरा पडला. "मोरळ भी अच्छा है," ते म्हणाले, एखाद्या नापास मुलाच्या बापाशी बोलावं तसे. पण त्यांनी आपली कलकत्त्याहून आणलेली, गळ टाकायची चाकाची छडी मनोहररावांना वापरायला दिली, आणि तिच्यासोबत स्वतःलाही दिलं. यापुढे छडी जाईल तिथे घोषबाबू जाणार होते.

वरच्या मजल्यावरच्या शोभाताईंनी कठड्यावरून वाकून सल्ला दिला. "गळाले हिंग लावा, वैरागडेजी! माह्या जाऊबाईचा भाऊ हिंग लावते. मासा वासावर येते."

"त्यांना मिळतात मासे?"

"त्याले नाही भेटत. पण तो हिंग कमी लावते."

आता शिसं पाहिजे होतं. मनोहरराव सरळ इतवारीत गेले आणि ओळखीच्या किराणा दुकानात, नेहमीच्या सरळ आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे शिसं आहे का?"

लोखंडी वजनाच्या बुडाला एक खळगी असते, तिच्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर खात्याचा शिक्का असतो. हे शिसं थोडं कोरून काढलं की वजन हलकं होतं आणि दुकानदार जड होतो. वजनमापे खात्याचा निरीक्षक दारात उभा राहून शिसं आहे का असं विचारतो, याचा जगात एकच अर्थ होऊ शकत होता. दुकानदाराने हात जोडले.

"साहेब, आमच्याकडं कायचं शिसं? लेकराबाळांची शपथ!"

"अहो, थोडंसं असलं तरी चालेल. घरी न्यायचंय."

"घरी?" दुकानदार आणखी घाबरला. घरी नेऊन तपासणी करतात ही त्याला नवीन माहिती होती. मनोहरराव पुढच्या दुकानाकडे वळले तेव्हा त्या दुकानाची फळी पडत होती. त्याच्या पुढच्याची पडली होती. गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने मात्र त्यांना हाताला धरून आत नेलं, पोत्यामागून चार वजनं काढून समोर ठेवली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "हे एवढंच आहे साहेब. वडिलांच्या काळचं पाप आहे."

मनोहररावांना कर्तव्य करावं लागलं. त्यांनी पंचनामा केला. घरी आले ते शिशाशिवाय, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांच्या टेबलावर वरिष्ठांची चिठ्ठी होती: आपण खाजगी उपयोगाकरिता व्यापाऱ्यांकडे शिशाची मागणी केल्याची तक्रार आहे, खुलासा करावा. मनोहररावांनी खुलासा केला की सदर शिसं मुंडीसाठी हवं होतं. वरिष्ठांनी त्याखाली 'कोणाच्या?' असं लिहून कागद परत पाठवला.

शेवटी शिसं दिलं शोभाताईंनी. त्यांचा नळ दुरुस्त झाला तेव्हा निघालेला जुना पाइपाचा तुकडा त्या दार अडवायला वापरत असत. "न्या," त्या म्हणाल्या, "पण हिंग विसरू नका."

मासिकातल्या आकारांना मनोहररावांनी स्वदेशी नमुने शोधले. गोल मुंडीला बोर, चपटीला बदाम, आणि आडव्या, दोन्हीकडे निमुळत्या मुंडीला खारीक. शाडूच्या मातीत बोर, बदाम आणि खारीक दाबून त्यांनी साचे केले. वजनाचा प्रश्न मात्र तत्त्वाचा होता. मासिक म्हणत होतं अर्धा औंस. औंस! ज्या माणसाने जिल्हाभरातले शेर जप्त केले, तो घरात औंस घेणार? त्यांनी हिशेब करून पाहिला तर चौदा ग्रॅम आले. पण चौदा ग्रॅमचं वजन कायद्यात नाही. दहा आहे, वीस आहे, चौदा नाही. मनोहररावांनी ठरवलं, मुंड्या होतील त्या दहाच्या आणि विसाच्या. अमेरिकन माशाला काय वाटायचं ते वाटो.

शिसं वितळवायला भांडं म्हणून त्यांनी फोडणीची पळी घेतली. गोपिकाबाई देवळात गेल्या होत्या. मासिकात साचा पूर्ण वाळलेला असावा असं लिहिलं होतं, पण मासिक अमेरिकेत निघत असल्यामुळे त्यांना नागपूरच्या मे महिन्याची कल्पना नसणार. इथे पापड तासाभरात वाळतो, तिथे शाडूची काय कथा, असं मनोहररावांना वाटलं. शाडू आतून ओली होती. शिसं आत गेलं तसं आल्या वाटेने बाहेर आलं. एक थेंब दिनदर्शिकेवर उडून त्याने एकादशी जाळली, एक घोषबाबूंच्या धोतराला भोक पाडून गेला, आणि मनोहररावांची उजवी भुवई निम्मी राहिली.

गोपिकाबाई आल्या. त्यांनी भुवई पाहिली, धोतर पाहिलं, आणि पळीकडे पाहून मटकन बसल्या. "माय वं! माह्या सासूची पळी!" मग उठल्या, साचे उचलले, आणि गच्चीवर नेऊन उन्हात ठेवले. "दोन दिवस हात नका लावू," त्या म्हणाल्या. "अन् ते काळं पाणी आता त्याच पळीत करा. तसंही फोडणीतून गेलीच ते."

दोन दिवसांनी मुंड्या उत्तम निघाल्या. बोराच्या, बदामाच्या बरोबर दहा आणि वीस ग्रॅम. खारकेने मात्र ऐकलं नाही. साचा थोडा फाकला होता. मनोहररावांनी खारकेची मुंडी कचेरीच्या नाजूक काट्यावर ठेवली. काटा चौदावर थांबला. त्यांनी फुंकर मारली, पुन्हा ठेवली, चौदा. नियमबाह्य वस्तू म्हणून त्यांनी त्या खारका वेगळ्या डबीत टाकल्या.

मासिकातल्या गळांना मागे झालरीसारखं काहीतरी होतं. त्यासाठी इंदूच्या शाळेच्या वेळची लाल रिबीन कपाटात सापडली. गोपिकाबाईंनी ती हातात घेतली, बोटाला गुंडाळली, उलगडली, आणि स्वतःच कात्री चालवली.

आता तलावात मासे धरायचा परवाना. ज्या कचेरीत तो मिळे तिचं नाव घेण्याचं कारण नाही. नागपुरात अशा कचेऱ्यांना पत्त्याने नव्हे, तिथल्या पंख्याने ओळखतात, आणि हा पंखा बंद होता. तिथल्या बाबूने गळ हातात घेऊन उलटासुलटा पाहिला.

"हे काय होय जी? गळ म्हणावं तं वजन आहे. वजन म्हणावं तं गळ आहे."

"गळच आहे. त्याला शिशाची मुंडी आहे."

"वजन असंन तं वजनमापे खात्याचा दाखला लागते. पडताळणीचा. नाहीतर उद्या कोणी म्हणंन का बाबूनं बिनशिक्क्याचं वजन तलावात जाऊ देलं."

"मीच वजनमापे खात्याचा निरीक्षक आहे."

"मंग सोपं आहे," बाबू म्हणाला. "तुमी तुमाले अर्ज करा."

मनोहररावांनी स्वतःला अर्ज केला. कचेरीत बसून तो त्यांनी स्वतः स्वीकारला, वाचला, आणि त्यात त्रुटी काढली: अर्जदाराने वस्तूचा प्रयोजन-तपशील दिलेला नाही. अर्जदार म्हणून ते रात्रभर चिडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपशील दिला आणि निरीक्षक म्हणून समाधान झाल्यावर बोर व बदाम यांना दाखला दिला. खारकेला दिला नाही. चौदा ग्रॅम होती.

यानंतरचे रविवार खिंडसीवर गेले. सुट्टीच्या दिवशी पहाटेची मोटार, घोषबाबूंची छत्री, कांदा-भाकर, आणि पुढ्यात ते निळं पाणी. उन्हाळ्याने तलाव उतरलेला. काठाला खडक उघडे पडलेले आणि पाण्याखाली त्यांचे भाऊबंद. मनोहररावांनी वीस ग्रॅमचं बोर फेकलं. ते खाली गेलं आणि दोन दगडांच्या फटीत असं बसलं, की जणू त्याच्यासाठीच ती फट राखून ठेवली होती. तोडावं लागलं. दुसरं बोर पहिल्याच्या शेजारी बसलं. बदाम चपटा, तो सरळ कपारीखाली सरकला. दहा ग्रॅमचं बोर इतकं हलकं होतं, की तळाला लागलं की नाही तेच कळेना. ते लागलं हे कळलं तेव्हा ते अडकलं होतं.

"भेटकी होता तो..." घोषबाबू म्हणाले.

"घोषबाबू, भेटकीचं नाव काढू नका."

एका रविवारी हिंग लावून पाहिला. त्या दिवशी मोटारीत त्यांच्या शेजारी कोणी बसलं नाही, एवढाच परिणाम झाला.

पण मनोहरराव हटले नाहीत. ते आता रात्री झोपेतही मनगट हलवत. तळाचा कानाकोपरा त्यांना दोरीतून कळू लागला. हा गुळगुळीत, हा खरबरीत, इथे फट, इथे गाळ. त्यांना मासे कळत नव्हते. खडक कळू लागले होते. तोडलेल्या दोऱ्यांच्या टोकाला त्यांची सगळी कायदेशीर मुंडकी तळाशी जमा झाली, आणि एका रविवारी डबीत उरल्या फक्त खारका. विनादाखल्याच्या. चौदा ग्रॅमच्या.

मनोहररावांनी डबी मिटली, पुन्हा उघडली. मग इकडेतिकडे पाहिलं. खिंडसीवर वजनमापे खात्याचं कोणी नव्हतं, म्हणजे तेच होते. त्यांनी खारीक बांधली आणि फेकली.

खारीक तळाला टेकली. त्यांनी हलकेच उचलली. ती आडवी होती, म्हणून फटीत शिरेना. दगडावरून लोळली, खाली उतरली, पुन्हा टेकली. टुण्. टुण्. टुण्. लाल रिबीन हलवत ती थेट त्यांच्या पायापाशी आली. मनोहररावांनी ती वर काढून घोषबाबूंना दाखवली. 

घरी गोपिकाबाई दारातच उभ्या होत्या. "भेटला?"

"अडकला नाही!"

"कोण?"

"गळ! एकदाही अडकला नाही! आडवी मुंडी पाहिजे, खडकाला आडवीच मुंडी पाहिजे!"

"मासा कुठं आहे?"

"मासा," मनोहरराव उपरणं झटकत म्हणाले, "हा पुढचा भाग आहे."

पुढचा भाग आला नाही, इवाई आले. शालिकरामजी, त्यांची बायको प्रयागबाई, आणि मागे डोक्यावरून पदर घेतलेली इंदू. इंदू जरा वाळली होती, असं गोपिकाबाईंना वाटलं. आयांना ते वाटतंच. तिची पेटी मात्र मोठी होती. महिन्याची. ती तिने दारातच ठेवली, आत आणली नाही.

"घाई नको बाई," ती आईला हळूच म्हणाली. "आधी मरळ येऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका घरी राहिल्या आणि मनोहरराव, घोषबाबू आणि शालिकरामजी खिंडसीवर गेले. मनोहररावांपाशी एकच खारीक उरली होती. बाकीच्या सरावात झिजून, वाकून, एक घोषबाबूंच्या टोपीत अडकून संपल्या होत्या. त्यांनी ती फेकली, आणली. फेकली, आणली. टुण्, टुण्. एकदाही अडकली नाही, आणि एकदाही काही लागलं नाही. ऊन चढलं. शालिकरामजी छत्रीखाली दगडावर बसून तंबाखू मळत बोलत होते.

"हे कायचं गळ होय, इवाई? फुलं लावलेलं. आमच्या तिकडं असे फुलं पोट्ट्या वेणीले लावतात. मासा धराले काय लागते माहीत हाय का? अक्कल लागते. मनगट लागते."

मनोहररावांनी खारीक पुन्हा फेकली. शब्द देऊन बसलेला माणूस आणि मुलीचा बाप, असे दोघे त्यांच्यात एकदम बसले होते.

रामटेकच्या गडावरून उतरलेली यात्रेकरूंची एक मोटार सावली पाहून थांबली होती. माणसं भाकरी सोडून काठाला आली. लोक जमले तसं शालिकरामजींना बसवेना. ते उठले, धोतर खोचलं आणि छडीला हात घातला.

"आणा इकडं. पाहा म्हणावं, भंडाऱ्याचा माणूस कसा धरते."

"इवाई, ती खारीक उचलत आणायची असते. ओढायची नसते."

"मले सांगता काय?"

त्यांनी छडी डोक्यावरून अशी फिरवली, की पहिल्या रांगेतली यात्रेकरू मंडळी खाली बसली. खारीक लांब जाऊन पडली. आणि शालिकरामजींनी जो ओढायचा हिसका दिला, त्यासरशी छडी वाकली, चाक कर्रकर्र ओरडलं.

"लागली!" शालिकरामजी किंचाळले. "लागली रे बाप्पा!"

काठावर एकच गलका झाला. कोणी "जय श्रीराम" म्हणालं. शालिकरामजी दोन्ही पाय रोवून मागे झुकले. छडी हलेना, दोरी हलेना. "मोठी हाय! खाली दबून बसली! मरळ असंच करते, दबून बसते!" त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता, आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की तो मनोहररावांनी लग्नातही पाहिला नव्हता.

मनोहररावांनी पुढे होऊन दोरीला बोट लावलं.

कपार. डावीकडची, मोठ्या काळ्या दगडाखालची. तिच्यात त्यांचे स्वतःचे दोन बदाम होते. हिसका मारून ओढली की खारीकसुद्धा आडवीची उभी होते, आणि उभी झाली की शिरते.

मोठा अवघड प्रसंग होता. वाकलेल्या पाठीला सरळ व्हायची अशी संधी पुन्हा येणार नव्हती. 'इवाई, तो दगड आहे', एवढं म्हटलं की झालं. सगळी यात्रा हसली असती, टोप्यांसकट सगळं वसूल झालं असतं. आणि संध्याकाळच्या मोटारीत इंदूची पेटी परत चढली असती.

"मोठी आहे, इवाई," मनोहरराव म्हणाले. "सोडू नका."

घोषबाबूंनीही दोरीला बोट लावून पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं. मनोहररावांनी त्यांच्या चपलेवर पाय ठेवला.

लढाई चालली. यात्रेकरूंपैकी एकाने शालिकरामजींना वारा घातला, एकाने पाणी पाजलं. कोणीतरी मागून "दगड असंन" म्हणालं, तर त्याला लोकांनीच गप्प केलं. सूर्य डोक्यावर आला. शालिकरामजींनी छडी या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू ओसरला आणि तिथे एक शंका येऊन बसली. त्यांनी न वळता, ओठ न हलवता विचारलं,

"इवाई. हे मरळ नाही न?"

"नाही."

"तुमाले कवापासून माहीत हाय?"

"पहिल्यापासून."

शालिकरामजींनी लोकांसाठी छडी आणखी एकदा ताणली. "आता हे सोडू कसं? एवढे लोक पाहून राहिले." मग आणखी हळू: "आमच्या तिकडं ढिवर आणून देतात जी मरळ. म्या आजपर्यंत गळाले हात नाही लावला. घरी माहीत नाही. म्हणजे, बायकोले संशय हाय."

मनोहररावांनी एक पाऊल पुढे टाकलं, मदत करायला गेल्यासारखी लोकांकडे पाठ केली, आणि खिशातला सुपारीचा चाकू उघडून दोरीवर टेकवला. पाण्याखाली लाल रिबीन क्षणभर हलल्यासारखी वाटली.

"तुटली!" मनोहरराव ओरडले. "दोरी तुटली! गेली!"

शालिकरामजी मागच्या मागे घोषबाबूंच्या मांडीवर बसले. काठावर असा हळहळीचा सुस्कारा निघाला की खरा मासा निघता तरी तेवढा निघाला नसता.

घरी पाट मांडले होते. गोपिकाबाईंचा नवऱ्यावर पूर्ण विश्वास असल्यामुळे त्यांनी सकाळीच बेसनाच्या पाटवड्या थापून ठेवल्या होत्या. आता त्या झणझणीत रश्श्यात सोडल्या होत्या. घोषबाबू पाहुण्यांच्या पंगतीला होतेच. इंदू वाढत होती. पेटी अजून दारातच होती, आणि प्रयागबाई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या, एखाद्या नाक्यावर बसावं तशा.

"मंग मरळ कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"तुटली," शालिकरामजी म्हणाले. "माह्या हातातून. एवढी मोठी! इवाईंच्या गळाले लागली होती, मी धरून होतो. दोन तास झुंजलो वं!"

"तुमी?"

"मी! विचार इवाईले!"

प्रयागबाईंनी नवऱ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेत बऱ्याच वर्षांच्या मरळी होत्या. "तुमाले नाही विचारत," त्या म्हणाल्या, "अन् त्या बंगालीबाबूलेही नाही विचारत. इवाई वजनमापवाले हायेत. सरकार त्यायच्या शब्दावर शिक्का मारते. आमच्या गावचा वाणीही म्हणते का वैरागडे निरीक्षक एक गुंज इकडची तिकडं करत नाही. तुमी सांगा जी, इवाई. होती का मरळ? अन् होती तं किती भरली असती? खरं सांगा. शब्द म्हणजे शब्द. नाहीतर सांजची मोटर आहे."

सगळे मनोहररावांकडे पाहू लागले. शालिकरामजींनी घास हातातच धरला होता. स्वयंपाकघराच्या दारात गोपिकाबाई उभ्या होत्या, नव्या पळीसकट. इंदूने रश्श्याचं भांडं खाली ठेवलं नाही, वर उचललं नाही.

उभ्या आयुष्यात मनोहररावांनी काट्यावर ठेवल्याशिवाय कशाचंच वजन सांगितलं नव्हतं. कचेरीतल्या वरिष्ठांनी आग्रह केला तरी नाही. त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे खिंडसीचा तळ आला, मोठा काळा दगड आला, आणि त्याच्या कपारीतली चौदा ग्रॅमची, विनादाखल्याची खारीक.

"बारा किलो," ते म्हणाले.

घोषबाबूंना ठसका लागला. एवढी मरळ हिंदुस्थानात कोणत्याच पाण्यात होत नाही हे त्यांना माहीत होतं. इंदूने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, तो त्यांनी मुकाट्याने पिऊन घेतला.

"बारा!" प्रयागबाईंनी तोंडाला पदर लावला. नवऱ्याकडे त्या पुन्हा एकदा पाहत होत्या, पण आता वेगळ्या नजरेने. "अहो, मंग लागलं तं नाही न तुमाले कुठं? हात दाखवा इकडं."

"मी पाचच म्हणणार होतो," शालिकरामजी पुटपुटले. मग त्यांनी घसा खाकरला, छाती काढली, आणि इंदूकडे वळून सासऱ्याच्या संपूर्ण अधिकाराने म्हणाले, "इंदूबाई, ते पेटी आत घ्या. बारा किलोच्या मरळीले महिना कायचा? पोळ्यापर्यंत राहा."

पेटी उचलायला इंदू आणि गोपिकाबाई एकदम धावल्या. मग गोपिकाबाई परत वळल्या, डोळे पुसले, आणि आतून मोठ्या आवाजात म्हणाल्या,

"इंदू, डब्यातली पावशेर साखर काढ वं. शिरा करतो."

मनोहररावांनी मान वर केली. तोंड उघडलं.

मग मिटलं, आणि पाटवडीचा तुकडा मोडला.